घंगाळात सोडलेलं दुखणं

प्रवाशांनी लक्ष द्यावे! प्रवाशांनी लक्ष द्यावे! सोलापूरहून सुटणारी श्रीमती शालन ही जुनी, साधी, सर्व थांबे घेणारी गाडी तांत्रिक बिघाडामुळे यापुढे नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ती कायमची पोटाच्या डाव्या बाजूने सोडण्यात येईल. जुना मार्ग शिवून बंद करण्यात आला आहे. वेळापत्रक गाडीच्या मर्जीवर राहील. गैरसोयीबद्दल आम्ही अजिबात दिलगीर नाही.

ही घोषणा मी दवाखान्याच्या खाटेवर पडल्या पडल्या रचली आणि टाके दुखत असताना अख्ख्या वॉर्डाला म्हणून दाखवली. मला तो हक्क आहे. उमेदीची सगळी वर्षं मी बसस्थानकातल्या काचेमागे बसून माइकवरून गाड्या सोडल्या आहेत. माझ्या आवाजावर अक्कलकोटचा माणूस बार्शीच्या गाडीतून उतरायचा आणि उतरताना काचेकडे बघून हात जोडायचा.

आता साध्या भाषेत सांगते. मला मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकाला कर्करोग झाला. ते टोक कापून काढलं. आता माझ्या पोटावर डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल, ओलं असं एक तोंड आहे आणि त्यावर चिकटवलेली पिशवी आहे. जे पूर्वी खालून जायचं ते आता समोरून येतं. झालं, संपलं. किळस आली असेल तर एकदा येऊन जाऊ द्या, मग पुढे वाचा. मलाही आली होती.

हे लिहिण्याचं एक कारण असं की ज्यांना असलं काही झालंय त्यांना कळावं, माणूस यातून उठतो आणि भांडतो. दुसरं कारण, मी संतापलेली आहे. संताप आला की मी राहते त्या कुटीरात पाण्यात खडा सोडतात. मला तो सोडायचा नाही.

एक माणूस, एक झोळी

नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, भावाच्या संसारात लुडबुड करायची नव्हती. नोकरी सोडली आणि होटगीकडे जाणाऱ्या रस्त्याला, आत माळावर, कडुनिंबांच्या सावलीत असलेल्या कुटीरात राहायला आले. ते उभं करणारे बाबा मी यायच्या आधीच गेले होते. मागे त्यांचा फोटो उरला आणि नियम उरले. एक माणूस, एक झोळी. पांढरं सुती कापड. पगार नाही, मानपान नाही, कामाला काम म्हणायचं नाही, सेवा म्हणायचं. झाडूसेवा, पाणीसेवा, कपडेसेवा.

माझी अन्नसेवा. म्हणजे स्वयंपाकघर माझं. 'माझं' हा शब्दही आमच्याकडे चालत नाही, पण स्वयंपाकघर माझंच होतं, हे तिथल्या मांजरालाही ठाऊक होतं. रोज सकाळी शेंगदाण्याचा कूट घातलेल्या आमटीची दोन मोठी पातेली आणि ज्वारीच्या भाकरींची चळत टेम्पोत चढायची आणि शहरातल्या मोठ्या दवाखान्याच्या फाटकाशी उतरायची. पेशंटबरोबर आलेली खेड्यापाड्यातली माणसं ताटल्या घेऊन उभी असायची. कुणाची आई आत, कुणाचं पोर आत. मी स्वतः पळी धरून वाढायची. "ताई, आमटी लई झ्याक," असं म्हणताना त्या माणसांच्या तोंडावर जे घटकाभर यायचं, त्यासाठी मी तो पांढरा सुती जन्म आनंदाने काढला असता.

अजूनही काढेन. संताप त्याचाच आहे. परकी जागा असती तर शिव्या घालून मोकळी झाले असते.

खड्याची वेळ

आमच्याकडे संध्याकाळी आरती होते, मग तीर्थ, मग खड्याची वेळ. मधोमध पाण्यानं भरलेलं तांब्याचं घंगाळ. निंबाखाली खड्यांचा ढीग. ज्याला कसली तक्रार असेल, कुणाविषयी किंवा स्वतःच्या देहाविषयी, त्याने एक खडा उचलायचा, मनात ती तक्रार म्हणायची आणि खडा पाण्यात सोडायचा. टुप्. तक्रार बुडाली. एकदा सोडली की त्याविषयी कुणाशी बोलायचं नाही, कुणी विचारायचं नाही. बोलणं म्हणजे बुडालेलं वर काढणं.

खरं सांगते, ही रीत मला फार आवडायची. आमच्याइतकी शांत पंगत तुम्हाला साऱ्या जिल्ह्यात सापडणार नाही. सासू-सुनांनी, भाऊबंदांनी येऊन बघावं आणि घरी एक घंगाळ घेऊन जावं, असं मी पाहुण्यांना ऐकवायची.

मग मला रक्त दिसलं.

पाळी बंद होऊन काळ लोटला होता, त्यामुळे हे रक्त तिथलं नव्हे हे कळत होतं. मूळव्याध असेल म्हटलं. जागा अशी की सांगायचं कुणाला आणि दाखवायचं काय? संध्याकाळी खडा उचलला. टुप्. दुसऱ्या दिवशी रक्त परत. परत खडा. पोटात कळा यायला लागल्या, वजन उतरलं, झोळीचा पट्टा खांद्यावरून घसरायला लागला. टुप्, टुप्, टुप्.

आणि त्या घंगाळाची गंमत ऐका. सकाळी पाणी झाडांना घालायचे आणि तेच खडे परत निंबाखाली ओतायचे. म्हणजे माझं रक्त रात्री बुडायचं आणि सकाळी ढिगात वाळत पडायचं. मी तेच उचलून परत बुडवायची.

माझं रोजचं टुप् सगळे ऐकत होते. कुटीर चालवणारे आमचे अप्पा, निवृत्त मास्तर, आवाज असा मऊ की ऐकता ऐकता आपणच झोपेत बोलतोय असं वाटावं, ते एकदा सत्संगात म्हणाले, "शालनताईंकडे बघा. रोज काही ना काही सोडतात. किती हलक्या होत चालल्यात."

हलकी होत चालले होते हे खरंच. वजनकाट्यावर.

आणि मूर्खपणाचा कळस म्हणजे मी रोज दवाखान्याच्या फाटकात उभी होते. हातात पळी, मागे डॉक्टरांनी भरलेली इमारत. शे-दीडशे पावलं आत चालत गेले असते तर काम झालं असतं. मी आमटी वाढून परत यायची आणि खडा सोडायची.

फूल

कपडेसेवा मौनी आक्काकडे होती. आक्का अक्कलकोटच्या पलीकडची, कर्नाटकच्या शिवेवरची. बाबा गेले त्या दिवसापासून तिनं बोलणं सोडलेलं. तिचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. हो म्हणायचं तर एक टाळी, नाही म्हणायचं तर दोन. आमची खोली एक. ती सगळ्या कुटीराचे कपडे धुवायची आणि संध्याकाळी तीर्थही तिच्याच हातून मिळायचं, पळीपळीने प्रत्येकाच्या तळव्यावर.

माझे परकर तिच्या हातून जात होते. तुम्हीच सांगा, तिला दिसलं नसेल?

एकदा वाळलेला परकर घडी घालून माझ्या उशाशी ठेवलेला होता आणि घडीवर एक झेंडूचं फूल. मी त्या फुलाला हात जोडले! म्हटलं, आक्का माझ्यासाठी प्रार्थना करतेय. डोळे भरून आले. आता आठवलं की माझ्या अंगाची लाही होते. रक्ताचं उत्तर फूल? अगं बाई, तोंड दिलं होतं ना देवानं?

आमटीच्या टेम्पोतून

एका सकाळी शेवटच्या भाकरींचं पीठ मळता मळता डोळ्यापुढे काळोख आला आणि मी परातीवर पडले. मला दवाखान्यात न्यायला जी गाडी होती ती एकच, आमटीचा टेम्पो. पातेली उतरवायला वेळ नव्हता. तर मी दोन पातेल्यांच्या मधे, भाकरीच्या चळतीला डोकं टेकून, त्याच फाटकाशी पोचले. माणसं ताटल्या घेऊन उभीच होती. टेम्पोचं फळकं पडलं तर आत ताई आडवी.

एक म्हातारा म्हणाला, "आज ताईलाच वाढलंय की!"

हसले असते, पण शुद्ध जेमतेम होती.

तपासण्या झाल्या, नळ्या झाल्या, आणि ज्या दिवशी निकाल हातात आला त्या दिवशी मोडनिंबहून माझा धाकटा भाऊ दत्तू आलेला होता. खताचं दुकान, मोठा आवाज, मऊ मन. डॉक्टरीणबाई अगदी तरुण, केसांचा घट्ट अंबाडा. तिनं शब्द न चघळता सांगितलं, कर्करोग. मग विचारलं, "किती दिवस रक्त जात होतं?"

"बरेच महिने."

"कुणाला सांगितलं होतं का?"

"घंगाळाला," मी म्हणाले.

तिनं दत्तूकडे बघितलं. बहुतेक मेंदूचीही तपासणी लिहावी की काय असं तिच्या मनात आलं असावं. दत्तूनं तिला आमच्या खड्यांची पद्धत समजावून सांगितली. सांगता सांगता त्याचा आवाज चढत गेला आणि शेवटी तो माझ्यावरच ओरडला, "आगं ए येडे! गाडी चुकलेल्या माणसाला जिल्हाभर आवाज दिलास, आन् सोताचं दुखणं भांड्यात सांगतीस व्हय?"

डॉक्टरीण म्हणाली, "लवकर आला असतात तर कदाचित ही पिशवी टळली असती." तिने 'कदाचित' म्हटलं होतं, हे मी प्रामाणिकपणे लिहिते. पण त्या एका शब्दावर मी किती संध्याकाळी काढल्या असतील, ते मलाच ठाऊक.

भीती? होती की. ऑपरेशनच्या आधी मला मरणाची भीती वाटली तेवढीच पिशवीची वाटली. रडले कमी. दात खाल्ले जास्त.

एक टाळी

ऑपरेशन झाल्यावर कुटीरानं माझ्याजवळ रुग्णसेवेला कुणाला पाठवावं? मौनी आक्काला. ती स्टुलावर येऊन बसली, हात मांडीवर, तोंडावर तीच शांती. मला नाकात नळी, पोटावर पट्ट्या, आणि बोलायची पूर्ण मुभा.

"आक्का, तुला दिसलं होतं ना?"

ती माझ्या पांघरुणाची कड सारखी करायला लागली.

"माझ्या परकरावर. दिसलं होतं ना? टाळी वाजव. एक का दोन?"

मग तिनं हात उचलले आणि एक टाळी वाजवली. अगदी हळू, पीठ झटकावं तशी.

मी तिला जे बोलले ते इथे लिहीत नाही. बसस्थानकाच्या आवाजात बोलले एवढंच सांगते. शेजारच्या वॉर्डातली माणसं दारात आली. "तुझं मौन गेलं चुलीत! मी मरत होते आणि तू फुलं ठेवत होतीस! निघ इथून!"

आक्का उठली. मला वाटलं गेली. ती बादलीत गरम पाणी घेऊन परत आली आणि माझं तोंड पुसायला लागली. तिच्या गालांवरून पाणी गळत होतं, माझ्या गळ्यावर पडत होतं. मी तोंड फिरवलं. ती दुसऱ्या बाजूने पुसायला आली.

नर्स पिशवी बदलायला शिकवायला आली तेव्हा मी डोळे मिटून घेतले. त्या लाल तोंडाकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. नर्स म्हणाली, "मावशी, बघायला लागेल, घरी कोण करणार?" मी डोळे उघडेपर्यंत आक्कानं हात पुढे केले होते. धुणं, पुसणं, कोरडं करणं, नवी चिकटवणं, तिनंच आधी शिकून घेतलं. ज्या बाईचा गळा धरावासा वाटतो तिनंच आपली घाण काढावी, याच्याएवढी अडचणीची दया दुसरी नाही. माफही करता येईना, हाकलताही येईना.

वॉर्ड

पहाटे फिनेलचा वास, मग चहावाल्याची हाक, मग डॉक्टरांची फेरी, मग नातेवाइकांची रेटारेटी. शेजारच्या खाटेवर अनसूयाक्का होती. यंत्रमागवाल्यांच्या घरातली, घरी तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. तिचंही पोट फाडलेलं. ही बाई सकाळपासून तक्रार करायची. चहा पाणचट, उशी दगड, सून उशिरा आली, पंखा कुरकुरतो. सून बिचारी धावत असायची.

मी तिला खड्यांची गोष्ट सांगितली. ती पोटावर हात दाबून हसली. टाक्यांमुळे नीट हसताही येईना.

"अय्यो! आमी तर पयल्याच दिवशी समदी गल्ली गोळा केला की! मालकाला उठवला, शेजारच्याला उठवला. तवा तर ल्हान गाठीवर भागलं, असं डाक्टर म्हनला. आन् तुमी खडा टाकत बसला?"

"हो."

"मग आता बोंबला की. उशीर झाला तरी बोंबला. मोकळं वाटतंय."

कुटीरातली मंडळी भेटायला यायची. खाटेभोवती उभी राहायची आणि स्मित करायची. आमचं एक ठरावीक स्मित आहे, ओठ मिटलेलं, मान किंचित कललेली. कुणी विचारलं नाही की शालन, दुखतंय का? अप्पा म्हणाले, "ताई, देह म्हणजे भाड्याचं घर."

मी म्हटलं, "अप्पा, भाड्याचं असलं तरी छत गळायला लागलं की माणूस बोलतोच. गळक्या छताखाली कुणी खडे टाकत बसत नाही."

ते हसले. मिटल्या ओठांनी. त्या क्षणी त्या सात्त्विक गालावर एक ठेवून द्यावी असं मला इतकं वाटलं की हाताला लावलेली सलाइनची नळी हलली.

आणि रोज दुपारी दत्तू फाटकावरून माझ्यासाठीच आमटी आणायचा. कुटीराची आमटी. माझ्या जागी वंदना नावाची बाई करत होती. मनानं फार चांगली. आमटीला मात्र ना रंग, ना रूप, ना मीठ. दत्तू सांगायचा, "फाटकावर माणसं इचारत्यात, ताई कवा येनार म्हनून."

त्या ओळीवर मी बरी झाले. औषधांचा वाटा आहेच, पण ती ओळही मोजा.

मोडनिंब

केमोचे महिने मी भावाकडे काढले. तोंडात फोड, केस गेले, लोखंड चाटल्यासारखी चव. पिशवी बदलताना दत्तू अंगणात जाऊन मोठ्यानं फोनवर बोलायचा, समोर कुणी नसलं तरी. वहिनीनं मात्र पहिल्या दिवशी न्हाणीघरात माझ्यासाठी एक खुंटी, एक आरसा आणि एक स्टूल ठेवून दिलं आणि म्हणाली, "वन्सं, वास आला तर मी सांगीन, न्हाय आला तर उगं इचारू नका." तिचे मागचे सगळे अपराध मी त्या वाक्यावर माफ केले.

ज्यांना नवी पिशवी लागली आहे त्यांच्यासाठी इथे थोडं सांगते. कांदा, हरभरा, कोबी काही दिवस लांब ठेवा, पिशवी फुग्यासारखी फुगते. ताक चालतं. ती आवाज करते आणि तो दाबता येत नाही. आपण लाजलो तर सगळे लाजतात, आपण हसलो तर सगळे सुटतात. आणि पहिल्यांदा बघताना कुणाचा तरी हात धरा. ज्याच्यावर राग आहे त्याचा धरला तरी चालतो.

बरी झाले तसं मी कुटीरात परत जायचं म्हटलं. दत्तू भडकला.

"तितं? परत खडं टाकून मरायला जातीस व्हय?"

"माझं स्वयंपाकघर आहे तिथं."

"तुला घेत्याल व्हय ते चुलीपाशी? पोटाला पिशवी लावून?"

मी म्हटलं, "का नाही घेणार? बाबांच्या फोटोखाली लिहिलंय ना, सगळे देह सारखे."

दत्तू गाडी काढायला गेला.

वातीसेवा

स्वागत झालं. रांगोळी, ओवाळणी, स्मितं. पंगतीत माझी जागा तशीच. खोलीत माझी खाट तशीच, आक्काशेजारी. पहाटे पिशवी धुवायला तिनं न विचारता हात पुढे केले, आणि मग रोजच. सकाळी मी स्वयंपाकघराकडे निघाले तर अप्पा वाटेत उभे.

"ताई, तुम्ही आता आराम करा. तुमच्यासाठी वातीसेवा ठेवली आहे."

कापसाच्या वाती वळायच्या! सत्तरीच्या पुढच्या बायका करतात ती सेवा.

"पिशवीमुळे का, अप्पा?"

"छे छे. तुमच्या प्रकृतीसाठी."

डॉक्टरांनी मला सगळं काम करायची मोकळीक दिली आहे, हात स्वच्छ धुतले की झालं, हे मी सांगितलं. त्यांनी ऐकलं, मान हलवली, आणि वातीचा कापूस माझ्या हातात दिला.

काही दिवस वळल्या वाती. देवासमोर इतका उजेड कधी झाला नसेल. एका सकाळी राहवेना, म्हणून स्वयंपाकघरात शिरले. वंदना भाकरी थापत होती. मी पळी उचलली, आमटी ढवळली, कूट टाकला, मीठ टाकलं, वासानंच पोट भरलं आणि गुपचूप बाहेर आले. पायरीशी चप्पल घालताना मागे आवाज आला. वळून बघितलं. वंदना माझ्या हातची पळी चिंच आणि राखेनं घासत होती. एकदा घासली, धुतली, वास घेतला, परत घासली. तिनं मला बघितलं नाही. कुणाला दुखवायचं तिच्या मनातही नव्हतं. आणि सगळं पातेलं तिनं बाजूला काढून ठेवलं. त्या दिवशी फाटकाशी टेम्पो उशिरा गेला, नवी आमटी शिजेपर्यंत ताटल्या घेऊन माणसं उन्हात उभी राहिली.

मला पिशवी लागली तेव्हा मी इतकी हादरले नव्हते. पळी घासली तेव्हा हादरले. कर्करोगानं माझा एक मार्ग बंद केला होता. ही माणसं मला पूर्ण बंद करत होती, ओठ मिटून, मान कलती करून.

आक्कानं ते अंगणातून बघितलं होतं. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी म्हटलं, "बघितलंस? आता जा, आण एखादं फूल."

खडा हातात

त्या संध्याकाळी आरती झाली. आक्का रांगेतून फिरली, प्रत्येकाच्या तळव्यावर तीर्थ दिलं, प्रत्येकानं ते पिऊन ओला हात डोक्यावरून फिरवला. मग खड्याची वेळ. घंगाळ मधे. सगळे डोळे मिटून.

मी ढिगातून एक खडा उचलला आणि घंगाळाशी जाऊन उभी राहिले. सोडला नाही.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे," मी म्हटलं.

डोळे उघडले. अप्पा हळूच म्हणाले, "ताई, खडा सोडला की बोलायचं नसतं."

"मी सोडलेलाच नाही, अप्पा. हा बघा, हातात आहे. सोडेपर्यंत बोलता येतं. बाबांच्या नियमात तेवढी फट आहे." मग मी थांबले नाही. "याचं नाव रक्त. तुम्ही सगळ्यांनी त्याचं टुप् ऐकलं, रोज, महिनोन्‌महिने. कुणीतरी एकदा विचारलं असतं, शालन, काय गं सोडतेस रोज? तर माझं पोट आज शाबूत असतं, कदाचित. तुमच्या शांततेनं मला जवळजवळ मारलं. ठीक आहे, मीही त्यातलीच एक होते. पण आज तुम्ही पळी घासलीत. पातेलंभर आमटी बाजूला ठेवलीत आणि भुकेल्या माणसांना उन्हात उभं केलंत. त्याचं कारण मला स्मितात नको आहे, शब्दात पाहिजे. मी स्वयंपाकघरात का नको? बोला. मोठ्यानं बोला. नाहीतर हा खडा मी घंगाळात टाकणार नाही, दत्तूला बोलावून त्याच्या गाडीत टाकीन आणि त्याच गाडीतून जाईन."

वंदना रडायला लागली. अप्पांनी उपरणं सारखं केलं. आणि पहिल्यांदा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्या माणसाचा मऊ आवाज अडखळला.

"ताई, प्रसादाचं अन्न आहे. लोकांच्या भावना असतात. मैला अंगावर बाळगणारा हात... प्रसादाला... तुम्हीच समजून घ्या."

अखेर बाहेर आलं. मला खरंच बरं वाटलं. गळू फुटल्यावर वाटतं तसं.

नेमकं त्याच वेळी माझ्या पिशवीनं, तिच्या वेळापत्रकाप्रमाणे, एक लांब, निर्लज्ज आवाज काढला. त्या शांततेत तो थेट बाबांच्या फोटोपर्यंत गेला. कुणी हसलं नाही. मी खडा मुठीत घट्ट धरला आणि झोळी आणायला खोलीकडे वळले.

तेव्हा बायकांच्या रांगेतून एक आवाज आला. घोगरा, गंजलेला, विहिरीच्या रहाटासारखा. कुणाचा ते आधी कळेना. मग सगळ्या माना एकदम वळल्या. मौनी आक्का उभी होती, तीर्थाची पळी अजून हातात, आणि ती पळी अप्पांवर रोखून ओरडत होती:

"तिची पिशवी रोज सकाळी मी धुते, ह्या हातानं! आन् ह्याच हातानं आत्ता तीर्थ दिलं तुमाला! प्यालासा न्हवं समदी? मग ओका की आता!"